सगळ्यांत गरीब वेस्टरबान

विश्वस्तांच्या खोलीत बिस्किटांचा डबा एकदाच फिरतो. फ्रेडरीका झाकण उघडते, डबा एकेकाच्या पुढ्यात धरते, ज्यानं त्यानं एकच बिस्किट उचलायचं, आणि मग झाकण बसतं ते थेट पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. कॉफीही एकच कप. एका बैठकीत हा डबा दोनदा उघडल्याचं घराण्यात एकदाच ऐकिवात आहे, त्रेपन्न सालच्या महापुरात, आणि तेव्हासुद्धा म्हणे आधी हात वर करून मतदान घेतलं होतं.

हिस्कानं आपलं बिस्किट बशीत तसंच ठेवलं होतं. सकाळपासून तिनं चार घरी जाऊन चार म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या होत्या, त्यांच्या पायात मोजे चढवले होते, गोळ्या गिळेपर्यंत समोर उभी राहिली होती, आणि तिथून सायकल मारत ती थेट इथं आली होती. भूक होती, पण घास उतरला नसता. आज बुधवार. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सायकलच्या दुकानावरच्या तिच्या दोन भाड्याच्या खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या, कारण मालकानं इमारतच विकली होती. सामान एकोणीस खोक्यांत भरून जिन्यात उभं होतं. ते घेऊन जायचं कुठं, याचं उत्तर या टेबलावर होतं, नाहीतर कुठंच नव्हतं.

नगरपालिकेच्या स्वस्त घरांच्या रांगेत ती नऊ वर्षं होती. गेल्या हिवाळ्यात दोघी सहकारी आजारी पडल्या, त्यांच्या पाळ्या हिनं केल्या, चार पैसे जास्त आले आणि बाईसाहेब कागदोपत्री मध्यमवर्गीय झाल्या. रांगेतून नाव कटलं. बाजारभावानं घर घ्यायचं तर पगारातले दोन तृतीयांश भाड्यात जाणार. आता उरलं होतं ते घराण्याचं हॉफ्ये. होर्न गावात, मासळीबाजाराच्या मागं, एका अंगणाभोवतीची बारा बुटकी घरं. साडेतीनशे वर्षांपूर्वी सुसाना वेस्टरबान नावाच्या विधवेनं ती आपल्या रक्तातल्या गरीब बायकांसाठी बांधली आणि भाडं कधीच घ्यायचं नाही असं लिहून ठेवलं. सप्टेंबरात नऊ नंबरच्या योहानामावशी गेल्या. घर रिकामं होतं, अर्ज दोन होते, आणि दुसरा अर्ज करणारी टेबलाच्या पलीकडं आपल्या वडिलांचा ओव्हरकोट घालून बसली होती.

"तर," रेनाउट म्हणाला, "नऊ नंबर."

रेनाउट म्हणजे अध्यक्ष, हिस्काचा चुलतभाऊ, सगळा जन्म विमा कंपनीत गेलेला. या खोलीत एकमेकांना 'आपण' म्हणायचं असा नियम आहे. लहानपणी ज्यानं तुमचा फ्रॉक बोटीच्या खुंटीला बांधून ठेवला होता त्याच्याकडून 'आपण' ऐकायचं म्हणजे जिवावर येतं, पण नियम तो नियम.

"चौऱ्याण्णव सालच्या ठरावाप्रमाणे करखात्याचा दाखला पाहायचा. ज्याचा आकडा कमी त्याला घर. त्याआधी विश्वस्त लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन डोकावायचे, ते काही बरं दिसत नव्हतं." त्यानं चष्मा लावला. "हिस्का वेस्टरबान, वय एकोणसाठ. वार्षिक उत्पन्न छत्तीस हजार चारशे युरो."

तिघांही विश्वस्तांनी हिस्काकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू हिनं आजवर हे आपल्यापासून लपवून ठेवलं होतं.

"बरं चाललंय की तुझं," फ्रेडरीका म्हणाली. ही रेनाउटची धाकटी बहीण. "आपलं."

"अलाइडा वेस्टरबान, वय चौसष्ट. वार्षिक उत्पन्न दोनशे दहा युरो."

"दोनशे दहा कशाचे?" लुबर्टकाकांनी विचारलं. हे तिसरे विश्वस्त आणि चिटणीस, वय त्र्याऐंशी, एका नोटरीच्या कचेरीत चाळीस वर्षं कारकून होते. हवं तेच ऐकू येतं.

"माझ्या घरामागच्या धक्क्याला एक जण होडी बांधतो," अलाइडा म्हणाली. "यंदा दहा वाढवून मागितले. नाही म्हणाला."

ती हे अगदी प्रामाणिकपणे सांगत होती, हीच पंचाईत होती. अलाइडा खोटं बोलत नाही, तिला ते जमतच नाही. कालव्यावरच्या चौदा खोल्यांच्या घरात ती जन्मली, तिथंच वाढली, आईबाप गेल्यावर तिथंच राहिली. दिवाणखान्याच्या छतावर ढग आणि नागडी बाळं रंगवलेली आहेत. ती बघायला संग्रहालयाची माणसं वर्षातून दोनदा शिडी घेऊन येतात. कपाटात सुसानाच्या शिक्क्याचे बारा चांदीचे चमचे आहेत. रेनाउट भेटायला आला की अलाइडा कॉफी करायला आत जाते तेवढ्यात तो चमचे मोजतो, हे सगळ्या घराण्याला ठाऊक आहे. आणि या घरात अलाइडा वडिलांनी मागं ठेवलेल्या शिल्लकीतून महिन्याला जेमतेम काढून पावाला लोणी लावायचं की नाही याचा विचार करत बसते.

हिस्कानं ठरवलं होतं की शांत राहायचं. ते काही जमलं नाही.

"तिच्या घराला चौदा खोल्या आहेत," ती म्हणाली.

"घर हे उत्पन्न नव्हे," रेनाउट म्हणाला.

"घर खातं, हिस्का," अलाइडा समजुतीच्या सुरात म्हणाली. "देत काहीच नाही. मी एका खोलीत हीटर लावते. उरलेल्या तेरा खोल्यांत मी कोट घालून जाते."

"मग एक चमचा विक. अख्खा हिवाळा घर ऊबदार राहील."

फ्रेडरीकानं डोळे मिटले. हिस्कानं भर बैठकीत आईबापांवरून शिवी दिली असती तरी यापेक्षा कमी वाईट वाटलं असतं.

"बाराचे अकरा होतील," अलाइडा म्हणाली. लहान मुलाला पाढा सांगावा तसं तिनं ते सांगितलं.

"तर ठरलं," रेनाउटनं कागद एकावर एक ठेवले. "आकड्यानं बघता अलाइडा वेस्टरबान या सगळ्यांत गरीब..."

"मला शंका आहे," लुबर्टकाका म्हणाले.

"कसली?"

"साधारणच."

रेनाउटच्या कपाळावर आठ्या पडल्या. ठरावाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की विश्वस्तांपैकी एकालाही शंका आली तर संस्थापिकेचा शब्द अखेरचा. तीस वर्षांत कोणाला शंका आली नव्हती. शंका आली की बैठक लांबते आणि खोलीत हीटर तासाभराचाच लावलेला असतो.

लुबर्टकाकांनी लोखंडी पेटीतून सुसानाचा मूळ कागद काढला. तो आधीपासून वरच ठेवलेला होता, हे हिस्काच्या नजरेतून सुटलं नाही. म्हाताऱ्यानं घरूनच शंका घेऊन यायचं ठरवलं होतं. तिचा जीव थोडा भांड्यात पडला. ते सावकाश वाचू लागले:

"'जी दाराशी येईल तिला हातात काय येतं हे विचारू नये. माझा नवरा जिवंत होता तोवर माझ्या हातात एक नाणं येत नव्हतं, आणि मी गावातली सर्वांत श्रीमंत बाई होते. तिला विचारावं की कोणाच्या मरणानं तुझं भलं होणार आहे. तिनं माझ्या तसबिरीखाली उभं राहून खरी नावं घ्यावीत. जिच्यापाशी नाव नाही ती गरीब.'"

"अगं बाई," फ्रेडरीका म्हणाली, "असं चारचौघांत विचारायचं?"

"असंच लिहिलंय."

हिस्का उठली आणि तसबिरीखाली जाऊन उभी राहिली. वरून सुसाना बघत होती. मोठं नाक, पांढरी टोपी, आणि खरेदीत फसवली गेल्यासारखा चेहरा. नावं शोधायला हिस्काला वेळ लागला नाही. तिच्या आजोबांनी घराण्यातला आपला वाटा एका हेरिंगच्या बोटीत घातला आणि बोट परत आली नाही, ही गोष्ट प्रत्येक लग्नात निदान एकदा निघते. आई जाताना शिवणयंत्र ठेवून गेली. ते एकोणिसाव्या खोक्यात होतं.

"कोणी नाही," हिस्का म्हणाली.

लुबर्टकाकांनी लिहून घेतलं. मग अलाइडा उभी राहिली. तिनं बराच वेळ विचार केला, बोटांवर नावं मोजत.

"माझ्यासाठी ज्यांना मरायचं होतं," ती शेवटी म्हणाली, "ते सगळे मरून झाले."

"म्हणजे आता कोणी नाही?"

"आता कोणी नाही."

लुबर्टकाकांचं पेन थांबलं. त्यांचा डाव त्यांच्यावरच उलटला होता. सुसाना हुशार खरी, पण वाट बघणं संपलेल्या वारसाचं काय करायचं हे तिनं लिहून ठेवलं नव्हतं.

"बरोबरी," रेनाउट खुशीत म्हणाला. "बरोबरी झाली की उत्पन्नावर. दोनशे दहा."

शुक्रवार, बारा वाजता. हिस्काला जिन्यातली खोकी दिसायला लागली.

"थांबा," अलाइडा म्हणाली. ती अजून तसबिरीखालीच उभी होती. "हिस्काचं उत्तर चुकलं. तिचा दोष नाही, तिला माहीत नाही. पण सुसानासमोर चुकीचं लिहून राहायला नको. तिच्यापाशी नाव आहे."

"कोणाचं?"

"माझं. कालव्यावरचं घर मी हिस्काच्या नावानं लिहून ठेवलंय. आतल्या सगळ्या सामानासकट."

कोणी कप खाली ठेवला, कोणी उचलला. फ्रेडरीकाच्या दिवाणखान्यातली एक भिंत बावीस वर्षं रिकामी होती. तिथं कोणतं चित्र लागायचं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते सध्या अलाइडाच्या जिन्यात टांगलेलं होतं. रेनाउटचा चेहरा हळूहळू उतरला.

"मृत्युपत्र केलंस? कधी?" 'आपण' गळून पडलं ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

"तू माझे चमचे दोनदा मोजलेस, त्या वर्षी."

हिस्काला काय वाटायला हवं होतं ते तिला कळेना. चौदा खोल्या, बारा चमचे, छतावरची बाळं. आणि अलाइडाची तब्येत ठणठणीत. या वयात ती दररोज खाडीपर्यंत चालत जाऊन येते आणि तिच्या आईकडच्या बायका सत्त्याण्णवच्या आत गेलेल्या नाहीत. म्हणजे सगळं जुळून आलं तर हिस्काला ब्याण्णवाव्या वर्षी घर मिळणार होतं. शुक्रवारी मात्र ती फुटपाथवर.

लुबर्टकाकांच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं. कचेरीत चाळीस वर्षं त्यांना असा गुंता मिळाला नव्हता. त्यांनी साखरेचं भांडं टेबलाच्या मध्यभागी ओढलं.

"हे अलाइडाचं घर. ही," त्यांनी दुधाचं मडकुलं घेतलं, "अलाइडा. आणि हिस्का..." इकडंतिकडं बघून त्यांनी हिस्काच्या बशीतलं बिस्किट उचललं. "ही हिस्का. आता हिस्का वारस आहे, म्हणून गरीब नाही. म्हणून नऊ नंबर अलाइडाला." दुधाचं मडकुलं सरकलं. "पण सातवं कलम काय म्हणतं? जी हॉफ्येत राहायला येईल तिचं असेल नसेल ते तिच्या मागं हॉफ्येचं."

आजवर या कलमाखाली पातेली, रजया आणि एकदा एक पोपट जमा झाला होता. अख्खं घर जमा होऊ शकतं हे रेनाउटच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे घर हॉफ्येचं. म्हणजे हिस्काला काही मिळत नाही. म्हणजे हिस्का गरीब. म्हणून नऊ नंबर हिस्काला."

"चालेल," हिस्का म्हणाली.

"नाही चालणार. कारण मग अलाइडा स्वतःच्याच घरी राहिली. घर तिचंच राहिलं. ते हिस्काला जाणार. म्हणजे हिस्का गरीब नाही. म्हणून नऊ नंबर..."

तीन वेळा भांडी आणि बिस्किट टेबलाभोवती फिरली. चौथ्या फेरीत हिस्का लुबर्टकाकांच्या बोटांत मोडली आणि तिचा चुरा साखरेत पडला.

रेनाउट विम्यातला माणूस. तिसऱ्या फेरीलाच त्यानं ताडलं होतं की या दोन्ही वाटांनी घर जातंय ते एकतर हिस्काकडं नाहीतर हॉफ्येकडं, आपल्याकडं कुठूनच येत नाही. त्यानं बहिणीकडं पाहिलं. बहिणीनं त्याच्याकडं. आणि मग फ्रेडरीका वेस्टरबाननं तो डबा पुढं ओढला आणि झाकण उघडलं.

"हिस्के, तुझं बिस्किट मोडलं गं. घे ना दुसरं."

लुबर्टकाकांनी घड्याळात बघून इतिवृत्तात लिहिलं, 'डबा दुसऱ्यांदा उघडला. मतदान नाही.' हिस्कानं दोन घेतली.

"हिस्के, ऐक," रेनाउट खुर्ची जवळ ओढत म्हणाला. त्याच्या आवाजात मध होता. "एवढं मोठं घर तुला काय करायचंय? छत गळतं, पाया खचतोय, कर भरता भरता कंबर मोडेल. तू काय कर, तो वारसा नको म्हणून या वहीत सही कर. मग तू गरीब. अगदी स्वच्छ गरीब. नऊ नंबर आजच्या आज तुझं, मी स्वतः किल्ली देतो. आणि अलाइडा आपल्या घरात. कोणाचंच वाईट नाही."

"आणि घर?"

"घर काय, रक्तात जाईल. जसं जातं तसं."

"म्हणजे तुमच्याकडं."

"आम्ही काही वाट बघून बसलेलो नाही," फ्रेडरीका म्हणाली आणि डबा आणखी थोडा पुढं सरकवला.

हिस्का उठली. "मला पाच मिनिटं हवीत. अलाइडा, तू बाहेर ये."

बाहेर हॉफ्येच्या अंगणात थंडी होती. दोघी पाण्याच्या पंपापाशी उभ्या राहिल्या. सहा आणि अकरा नंबरच्या खिडक्यांचे पडदे हलले.

"तुला चौदा खोल्या आहेत," हिस्का म्हणाली. "मी शुक्रवारी रस्त्यावर येतेय हे तुला ऑगस्टपासून माहीत आहे. एक खोली दे म्हणून मी कधी म्हटलं नाही, मला लाज वाटली. पण तुला स्वतःहून कधी सुचलं नाही?"

अलाइडाला हा प्रश्न खरोखरच नवा होता. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"पण मी तुला सगळंच दिलंय की."

"मेल्यावर."

"हो, मग? मेल्यावरच ना. घर आणखी कसं देतात?" ती गोंधळून म्हणाली. "बाबांना आजोबा गेल्यावर मिळालं. आजोबांना पणजी गेल्यावर. जिवंत माणसानं कोणाला घर दिलेलं मी तरी ऐकलं नाही. तुमच्याकडं देतात का तसं?"

हिस्काला चिडायचं होतं. गेले तीन महिने ती या क्षणासाठी शब्द जमवत होती. पण समोर उभी असलेली बाई नाटक करत नव्हती. अलाइडाला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"मलाच का लिहून दिलंस?"

"जो कोणी घरी येतो तो आधी छताकडं बघतो," अलाइडा म्हणाली. "रेनाउट बघतो, फ्रेडरीका जिन्यात थांबते, संग्रहालयवाले तर शिडीच आणतात. तू आलीस की माझ्या पायांकडं बघतेस. मोजे घातलेत की नाही ते."

"धंद्याची सवय."

"असेल. पण दुसरं कोणी बघत नाही."

हिस्कानं विचारलं, "आणि मग इथं अर्ज कशाला केलास? चौदा खोल्या सोडून दोन खोल्यांत यायचं?"

"थंडी वाजते," अलाइडा म्हणाली. पंपाच्या दांड्यावरून तिनं हात फिरवला. "आणि इथं बारा दारं समोरासमोर आहेत. एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही, हिस्का. होडीवाला बोलायचा, तर तो आता चिडलाय."

वर चर्चच्या घड्याळात साडेतीनचे ठोके पडले. हिस्का विचार करत होती. अलाइडाकडं खोली मागावी का आता? ती देईलही. पण मग रोज सकाळी जिन्यात ती भिंतीवरची माणसं, आणि ते छत, आणि 'हे उचलू नकोस, ते पणजीचं आहे'. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर पलीकडच्या खोलीत अलाइडा खोकली की आपल्या मनात काय येईल? आज काही येणार नाही. दहा वर्षांनी, पाठ गेल्यावर, गुडघे गेल्यावर? चौदा खोल्या आपल्या होणार हे ठाऊक असताना? हिस्काला स्वतःच्या त्या मनाची भीती वाटली. तिनं म्हाताऱ्यांच्या घरांतून असे पुतणे पुष्कळ पाहिले होते. माणसं वाईट नसतात. वाट बघून बघून तशी होतात.

"माझं नाव काढून टाक," ती म्हणाली.

"घर नको तुला?"

"मला शुक्रवारी हवंय, अलाइडा. तेहतीस वर्षांनी नकोय."

"पण मग ते रेनाउटला जाईल. तो चमचे वाटून घेईल. सहा त्याला, सहा फ्रेडरीकाला."

"जाऊ दे. तोवर तू जग चांगली. त्याला ताटकळू दे."

अलाइडा एवढंसं हसली. ते हसू हिस्कानं शाळेत असल्यापासून पाहिलं नव्हतं.

आत गेल्यावर सगळं झटपट झालं. हिस्कानं वहीत सही केली, अलाइडानं आपला अर्ज मागं घेतला आणि मृत्युपत्रातलं नाव काढून टाकण्याचा शब्द दिला, रेनाउटनं स्वतःचं पेन पुढं केलं आणि फ्रेडरीकानं टिपकागद. दोघं भावंडं इतकी हळवी झाली होती की हिस्काला त्यांची दया आली. हॉफ्येची परंपरा, रक्ताची माणसं, गरजूला आधार, असं रेनाउट बरंच काही बोलला. त्याच्या आवाजाला कंप सुटला होता आणि तो खोटा नव्हता.

"पुन्हा विचारावं लागेल," लुबर्टकाका म्हणाले. "तसबिरीखाली. रीतसर."

हिस्का जाऊन उभी राहिली.

"कोणाच्या मरणानं तुमचं भलं होणार आहे?"

"कोणाच्याच नाही," हिस्का म्हणाली, आणि तिथंच थांबायचं तर तिला राहवेना. "अलाइडा शंभर वर्षं जगली तरी माझं काही अडत नाही. रेनाउट, तुम्हा दोघांचं अडेल. आजपासून तुम्ही तिला 'कशी आहेस' विचारलंत की तिला प्रश्न पडेल. मी विचारलं तर पडणार नाही. मला वाटतं सुसानाबाईंना एवढंच हवं होतं."

फ्रेडरीकानं डब्याचं झाकण लावलं.

"हे लिहू?" लुबर्टकाकांनी विचारलं.

"लिहा."

म्हाताऱ्यानं शब्दन् शब्द लिहिला. मग तीन हात वर झाले. नऊ नंबरची किल्ली हिस्काच्या हातात पडली. लोखंडी, जड, तळहाताएवढी.

शुक्रवारी दुपारी चार वाजता दारावर टकटक झाली. अकरा नंबरच्या कोरीबाईंनी ढकलगाडी दिली होती म्हणून एकोणीस खोकी चार खेपांत आली होती, आणि त्यातली सोळा अजून बांधलेलीच होती. दाराशी अलाइडा होती, ओव्हरकोटात. पायपुसण्यावर तिनं बूट दोनदा पुसले. आत येऊन भिंतीवरचा हीटरचा आकडा वाचला.

"एकवीस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "रोज?"

"रोज. बस. मोजे ओले आहेत का तुझे?"

"नाहीत."

अलाइडा बसली. थोड्या वेळानं तिनं कोट काढला. आतल्या स्वेटरची बटणं एकेक घर चुकून लागली होती. हिस्कानं काही न बोलता ती काढून पुन्हा लावून दिली आणि कॉफी ओतली. साखर सापडली, चमचे कोणत्या खोक्यात गेले ते आठवेना. ती खोकी उचकायला वाकली तेव्हा अलाइडानं कोटाच्या खिशातून घडी केलेला रुमाल काढून टेबलावर उलगडला. त्यात चांदीचा एक चमचा होता, दांड्यावर सुसानाचा शिक्का.

हिस्कानं हात पुढं केला नाही. "बाराचे अकरा होतील."

"झाले," अलाइडा म्हणाली. "सकाळीच झाले. मी मोजून बघितले, अकराच भरतात." ती जरा घाबरलेलीही होती. "घे ना. मला हे कसं करतात ते नीट माहीत नाही. याला कागद लागतो का गं?"

"नाही."

"साक्षीदार?"

"नाही, अलाइडा. नुसतं हातात द्यायचं."

अलाइडानं चमचा उचलला, हिस्काच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवून दिली. मग काही होतंय का ते बघत ती क्षणभर थांबली. काही झालं नाही. हिस्कानं त्याच चमच्यानं आधी तिच्या कपात साखर ढवळली, मग आपल्या.

"सोपंच आहे की," अलाइडा म्हणाली, आणि कप जवळ ओढला.